खुरिसामागची झावळी

दुपारी पुसायला म्हणून भिंतीवरचा खुरीस, म्हणजे क्रूस, खाली घ्यावा, तर मागून काहीतरी सळसळत घसरतं. पाल नसते. गेल्या झावळ्यांच्या रविवारची, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये आशीर्वादित केलेली झावळी असते. आणली तेव्हा हिरवीगार होती, आता निपाणीच्या तंबाखूच्या रंगाची. फरशीवर पडली की चार तुकडे. ते कचऱ्याच्या बादलीत टाकता येत नाहीत. मंतरलेली म्हणायची नाही, पण आशीर्वादित तर खरीच. अशी वस्तू जाळायची, नाहीतर मातीत पुरायची. तोवर तुकड्यांकडे बघत बसायचं.

बेळगावकडे झावळी दोन जातींची येते. नारळाची आणि शिंदीची. नारळाची रुंद, मऊ, हातात घेतली की सणासारखी वाटते, म्हणून लोकांचा ओढा तिच्याकडे. शिंदी म्हटलं की नाक मुरडतात, कारण शिंदीची केरसुणी होते. वास्तविक येशू आला तेव्हा यरुशलेमेच्या रस्त्यावर हलल्या त्या खजुराच्या झावळ्या, आणि शिंदी ही खजुराचीच चुलत बहीण. वनस्पतिशास्त्रात दोघींची प्रजाती एक. नारळ बिचारा लांबचा पाहुणा. आणि शब्दावर अडून बसायचं तर येशूचं चरित्र लिहिणाऱ्या चौघांत झावळी एकट्या योहानाने लिहिली आहे, बाराव्या अध्यायात. मत्तय झाडांच्या डहाळ्या म्हणतो, मार्क शेतातून तोडून आणलेला पाला, आणि लूक फक्त वस्त्रं अंथरून मोकळा होतो. तेव्हा खानापूरच्या ओढ्याकाठची शिंदी हलवणाऱ्याने मान खाली घालायचं कारण नाही.

शिंदी तोडणाऱ्याने मात्र सांभाळून असावं. देठाजवळची पानं पानं नसतात, काटे असतात. बोटभर लांब, आणि मोडून आत राहिले की दोन दिवस ठणकतात. म्हणून आधी देठाकडचा हातभर भाग कोयत्याने तासून टाकायचा, मगच मोळी बांधायची. शनिवारी दुपारी तोडून ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत उभी ठेवली, तर रविवारच्या मिस्सेपर्यंत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेपर्यंत, पान ताठ राहतं. मार्च-एप्रिलचं इथलं ऊन कोरडं. उघड्यावर ठेवलेली नारळाची पात सकाळपर्यंत कडेने वळून नळी होते. मुलांच्या हातात पडली की तिचं आयुष्य तसंही थोडं. पहिल्या 'होसान्ना'च्या घोषाला वर, दुसऱ्याला पुढच्या बाकावरच्या पोराच्या मानेत, तिसऱ्याला सरळ तलवारबाजी. मोठी माणसं डोळे वटारतात, आणि तेवढ्यात हाताला चाळा म्हणून स्वतःच पानाच्या घड्या घालायला लागतात.

या घड्यांचा क्रूस सोपा दिसतो, पण बहुतेकांचा बिघडतो. पान हिरवंकच्च घेतलं तर वळवताना शिरांच्या रेघेवर उभं फाटतं. अर्धा तास सुकू द्यावं, जरा लेचंपेचं झालं की घ्यावं. मधला हीर काढून टाकायचा. तो ठेवला तर घडी बसतच नाही. बोटभर रुंद, दोन हात लांब पट्टी पुरते. आधी वीतभर उभा भाग सोडायचा, उरलेली पट्टी काटकोनात वळवून डावी-उजवीकडे घड्या घालून आडवे हात करायचे, मग मध्यावर एक तिरका फेर, मागून वळसा, समोरून उलट तिरका दुसरा फेर, आणि टोक मागच्या फेरात खोवायचं. इथे हात आखडता घेऊ नये, करकचून ओढावं. पान वाळताना आकसतं, आणि सैल बांधलेल्या क्रूसाचे हात मे महिन्यात गळून पडतात. गाठ मारणारे असतात, त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.

यानंतरचं काम वर्षभराचं. काही करायचं नसतं, फक्त ठेवायचं असतं. पण आपल्याकडे जूनपासून जो पाऊस लागतो त्यात ठेवणं म्हणजेही काम. प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली झावळी ऑगस्टमध्ये काळ्या बुरशीची होते. कपाटात घातली तर झुरळांची सोय. भिंतीला चिकटून राहिली तर ओल धरते. मोकळ्या हवेत, भिंतीपासून दोन बोटं सुटलेली, म्हणजेच खुरिसामागे टेकवलेली झावळीच काय ती धड राहते. पहिल्यांदा जिने ती तिथे खोचली तिला हे ठाऊक असणार. भक्ती बाजूला ठेवली तरी जागा बरोबर निवडली होती.

मग लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाच्या, आधीच्या एखाद्या रविवारी वेदीवरून सूचना होते, जुन्या झावळ्या आणून द्या. त्यांची राख करून लेंट सुरू होतो त्या बुधवारी कपाळाला क्रूस काढायचा असतो. देणाऱ्यांत सगळ्या तऱ्हा. कोणी लोकरीच्या धाग्यासकट, कोणी गुलाबी रिबिनीसकट, कोणी चक्क आदल्या दिवशी तोडलेली हिरवी, कारण घरची सापडली नाही. रिबीन जळताना वितळून राखेत डांबरासारखा गोळा होतो. हिरवं पान नुसतं धुमसतं. माझा राग खरा आहे तो आयत्या राखेच्या पुड्यांवर. विकत मिळते, बारीक असते, काळीभोर असते, आणि कोणाच्या भिंतीवरची होती याचा पत्ता नसतो.

राख करणं हीसुद्धा युक्ती आहे. पानं हाताने चुरून, हीर वेगळे काढून, जुन्या लोखंडी कढईत किंवा पत्र्याच्या डब्यात पेटवायची. वारा नसलेली जागा बघायची, नाहीतर अर्धी राख शेजारच्या वाळवणावर. रॉकेल घालायचं नाही, वास कपाळापर्यंत येतो. ज्वाळा बसून निखारे लाल झाले की झाकण टाकून कोंडायचं. ही खरी गोम. तसंच जळू दिलं तर राख पांढुरकी होते आणि सावळ्या कपाळावर विरून जाते. हवा तोडली की काळी राहते. थंड झाल्यावर खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करायची. पोतंभर पानांची हाती लागते जेमतेम वाटी-दोन वाट्या, पण अंगठ्याच्या टोकाला लागतेच किती!

आणि पाणी घालायचं नाही. भांडी घासणाऱ्या जुन्या बायकांना हे सांगावं लागत नसे. राखेचं पाणी खार असतं, तेलकट भांडं त्यानेच निघतं. तेच कपाळावर लावून दिवसभर ठेवलं तर आग होते, कातडी सोलते. खोबरेल तेलाचे दोन-चार थेंब पुरेत. जास्त झालं की क्रूसाचा उभा हात नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरतो. अगदी कोरडी लावली की चष्म्यावर सांडते.

या बुधवाराला आमच्याकडे नावंही तीन. मराठीत राखेचा बुधवार. कन्नडमध्ये 'बूदी बुधवार', बूदी म्हणजे राख, आणि उच्चारायला इतकं सुरेख की मराठी घरांतही तेच चालतं. कोंकणीत 'गोबराचो बुधवार'. नव्या मराठी पाहुण्याला हे ऐकून शेण आठवतं, आणि त्याला समजावून सांगावं लागतं की कोंकणीत गोबर म्हणजे राख. नंतर लक्षात येतं, पाहुणाही फार चुकला नव्हता. इथल्या बाजारात लिंगायत बंधूंच्या कपाळी विभूतीचे तीन पट्टे असतात, आणि ती विभूती शेणाच्या राखेचीच. सौंदत्तीहून यल्लम्माचं दर्शन घेऊन परतलेल्यांच्या कपाळी पिवळा भंडारा असतो. त्यामुळे सकाळच्या मिस्सेनंतर काळा ठिपका घेऊन बसमध्ये चढलेल्याकडे कंडक्टर ढुंकूनही बघत नाही. दुसऱ्या एखाद्या शहरात 'कपाळाला काहीतरी लागलंय' म्हणून कोणी रुमाल पुढे करील. इथे कपाळाला काहीतरी लागलेलंच असतं.

गंमत अशी की त्या दिवशी वाचतात मत्तयाचा सहावा अध्याय. उपास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दिसू देऊ नको. हे ऐकून पाच-दहा मिनिटांत रांगेत उभं राहायचं आणि कपाळ काळं करून घ्यायचं. मग ते पुसायचं की ठेवायचं, हा वाद दर वर्षी चर्चच्या पायरीवर होतो. पुसणारे मत्तय दाखवतात. ठेवणारे म्हणतात, मग लावलं कशाला? दोघांचंही बरोबर असल्यामुळे वाद चहाशिवाय मिटत नाही, आणि चहा बिनसाखरेचा, कारण कोणीतरी चाळीस दिवस साखर सोडलेली असते. चाळीस म्हणायचे. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत मोजले तर शेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत. त्या रविवारी साखर खावी की नाही, हा आणखी एक वाद.

अंगठा टेकवताना म्हणतात, माती आहेस, मातीला मिळशील. तान्ह्या बाळालाही तेच, ऐंशीच्या आजीलाही तेच, त्याच अंगठ्याने. आजी 'आमेन' म्हणते. बाळाच्या आईच्या तोंडून मात्र पुष्कळदा तो शब्द निघत नाही, ती बाळाची कुंची नीट करते.

फरशीवरचे तुकडे अजून तिथेच आहेत. झाडून घ्यावेत तर हाताशी केरसुणी, आणि तीही शिंदीचीच. तेव्हा हातानेच वेचून एका पाकिटात घातले. दोन काड्या कपाटाखाली गेल्या. त्या राहू देत.