ज्या पाण्यात डाळ शिजत नाही

वाघोलीत आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी आहे. नळांच्या तोट्या कायम पांढऱ्या, गीझरच्या कॉइलवर दर वर्षी चुन्याचं कवच, आणि आईची रोजची तक्रार ठरलेली: या पाण्यात डाळ शिजत नाही. शाळेत ‘दुष्फेन’, म्हणजे साबणाला फेस न येऊ देणारं पाणी, हा शब्द पाठ केला होता, त्याचा खरा अर्थ इथे राहायला आल्यावर समजला.

याच पाण्यात मी दोनदा निऑन टेट्रा हे छोटे मासे सोडले आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात जाळीने बाहेर काढले. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने मासे द्यायलाच नकार दिला. “साहेब, आधी पाणी मोजा आणि मग आफ्रिकन करा.” मोजलं. सामू, म्हणजे पीएच, 8.1 निघाला. काठिण्याच्या चाचणीत तर थेंब टाकतच राहिलो, रंग काही बदलेना.

आफ्रिकन म्हणजे मलावी सरोवरातले मासे. हे सरोवर आफ्रिकेच्या खचदरीत आहे. साडेपाचशे किलोमीटरहून लांब, जवळपास सातशे मीटर खोल, आणि पाणी अल्कधर्मी. काठच्या खडकांवर शेवाळाचा थर असतो, तो खरवडून खाणारे रंगीत सिक्लिड मासे तिथे राहतात. त्यांना स्थानिक टोंगा भाषेत एम्बुना म्हणतात. टेट्रांना जे पाणी सोसवलं नाही, ते यांना चालणारं होतं. फक्त दगड हवेत, भरपूर दगड.

टाकी घेतली चार बाय दीड बाय दीड फुटांची. पाणीच अडीचशे किलोच्या आसपास, त्यावर दगड, काच, स्टँड. म्हणून हॉलच्या मधोमध ठेवायचा हट्ट सोडला आणि बीमलगतच्या भिंतीशी लावली. सौ.ला जिथे देव्हारा हवा होता नेमकी तीच भिंत. तो विषय इथे वाढवत नाही.

दगड फुकट मिळाले. काळा बेसाल्ट इथे पायलीला पन्नास. आणि आजोळच्या वाड्याचं स्वयंपाकघर पाडलं तेव्हा मामाने शहाबादी फरशीचे तुकडे अंगणात रचून ठेवले होते, ते गाडीत भरून आणले. “मासे पाळतोस की वाडा बांधतोस?” मामाने विचारलं. लिंबू पिळून पाहिलं: काळा दगड ढिम्म, शहाबादीवर बारीक बुडबुडे. ती चुनखडीच ना. ती पाण्यात चुना थोडा वाढवणार. टेट्रांच्या टाकीत ती घालू नये, इथे बिनधास्त चालते.

रचना मात्र चुकली. मी आधी छान धुतलेली वाळू पसरली आणि तिच्यावर फरश्यांच्या कपारी उभ्या केल्या. दिसायला झकास. मासे नव्हते तोवर ठीक होतं. पहिले मासे सोडल्यावर चौथ्या रात्री ‘धप्’ असा आवाज आला. हे मासे तोंडाने वाळू उचलून लांब नेऊन थुंकतात, आणि एकाने नेमका खांबाखालचा पाया उकरला होता. काच वाचली हे नशीब. दुसऱ्या दिवशी सगळं उपसलं. तळाच्या काचेवर थर्माकोल, त्यावर थेट दगड, जड खाली आणि हलके वर, प्रत्येक दगड हाताने हलवून पाहिलेला, आणि वाळू सगळ्यात शेवटी, फटींतून ओतलेली. कपारी अशा ठेवल्या की प्रत्येकीला दोन तोंडं, म्हणजे मार खाणाऱ्याला पळायला मागचं दार. प्लॅस्टिकची झाडं आणि बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा माळ्यावर गेला.

हे उपसणं झालं तरी फिल्टरमधला स्पंज मी नळाखाली धुतला नाही, टाकीच्याच पाण्यात बुडवून ठेवला. कारण तो तयार करायला पाच आठवडे लागले होते. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो, मग जिवाणू वाढून त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. शेजारचे काका येऊन विचारायचे, “मासे दिसत नाहीत?” मी म्हणायचो, “जिवाणू पाळलेत.” सामू जितका चढा तितका अमोनिया जास्त विषारी, त्यामुळे आमच्या पाण्यात इथे घाई करून भागतच नाही.

पहिल्या माशांत दुकानातून ‘मिक्स आफ्रिकन’ची पिशवी आणली होती, ही दुसरी चूक. त्यात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक ऑराटस निघाला. बोटभर मासा, पण त्याने महिन्याभरात चार फुटांचा सातबारा आपल्या नावावर करून घेतला. दोन मासे मेले, बाकीचे हीटरमागे लपून. तो परत दिला. नंतर ठरवून यलो लॅब आणि एसेई या एम्बुनाच्याच दोन जाती आणल्या, मिळून बावीस मासे. गर्दी मुद्दाम, म्हणजे कुणा एकावरच राग निघत नाही. पण गर्दी म्हणजे घाणही तेवढीच, म्हणून दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदलतो. खायला स्पिरुलिनाच. एसेईंचं पोट शेवाळ खाणारं आहे, कौतुकाने ब्लडवर्म (लाल अळ्या) चारले की पोट फुगून मरतात असं ऐकलंय, मी प्रयोग केला नाही.

दिवाळीच्या सुमारास एक यलो लॅब खायला येईना. आजारी समजून मी सलाइनच द्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात तिचा गळा फुगलेला दिसला. तोंडात अंडी होती. सुमारे तीन आठवडे ती उपाशी राहिली आणि एका सकाळी शहाबादीच्या फटीत तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं दिसली. मोजली तेव्हा नऊ, दुसऱ्या दिवशी सहा. आईने तेवढ्यापुरती डाळीची तक्रार थांबवली आणि खुर्ची टाकीसमोर ओढली.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत बोअरवर सॉफ्टनर बसवायचा ठराव आला. कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेऊन त्याजागी सोडियम सोडणारं यंत्र. टाळ्या वाजल्या. आईनेही वाजवल्या. मी हात वर करून सॉफ्टनरच्या आधी एक नळ वेगळा काढायची विनंती केली. कशासाठी, असं सेक्रेटरींनी विचारलं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच लिहून घेतलं: “बागेसाठी.”