परतीच्या वाटेला आदेश नसतो : मिल्टननंतरचे टँपा

चक्रीवादळाआधी घर कधी आणि कसे सोडायचे, याविषयी फ्लोरिडात सगळे ठरलेले असते. किनाऱ्याजवळच्या वस्त्यांची 'ए' ते 'ई' अशा विभागांत वाटणी केलेली असते, आपले घर कोणत्या विभागात येते हे जो तो पावसाळ्याआधीच पाहून ठेवतो आणि आदेश निघाला की सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी कर्कश सूचना वाजते. परतण्याचे तसे नसते. 'आदेश मागे घेतला' याचा अर्थ रस्ते खुले झाले एवढाच; घरात राहता येईल का, नळाचे पाणी पिण्याजोगे आहे का, वाटेत पेट्रोल मिळेल का, हे ज्याचे त्याने पाहायचे. भारतातून येणारे काळजीचे फोनही वादळ किनाऱ्याला धडकेपर्यंत अखंड येतात आणि "सुखरूप आहात ना?" या प्रश्नाचे उत्तर मिळाले की थांबतात. खरी दगदग त्यानंतर सुरू होते; मिल्टन वादळानंतर फ्लोरिडातल्या आमच्या टँपा शहरात आम्ही ती अनुभवली, म्हणून हे लिहीत आहे.

९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन वादळ सारासोटाजवळच्या 'सिएस्टा की' या बेटावर पाचपैकी तिसऱ्या श्रेणीचे वादळ म्हणून जमिनीवर आले. आम्ही तेव्हा शेजारच्या जॉर्जिया राज्यात स्नेह्यांकडे होतो आणि कोणीही झोपलेले नव्हते. वादळाचा केंद्रबिंदू टँपाच्या दक्षिणेला सरकल्यामुळे वारे खाडीतून बाहेर समुद्राच्या दिशेने वाहिले, खाडीचे पाणी उलट ओसरले आणि ज्या समुद्री लाटेची सर्वांनी धास्ती घेतली होती ती आमच्याकडे आलीच नाही. मात्र शेजारच्या सेंट पीटर्सबर्ग शहरात अठरा इंचांहून अधिक पाऊस झाला आणि राज्यभरात तीस लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. वादळ गेल्यावरही धोका संपला नव्हता, कारण साठलेले पाणी घेऊन ॲलाफाया आणि हिल्सबरो या नद्या नंतरच्या दिवसांत फुगत गेल्या आणि काही वस्त्यांत पाणी शिरले ते आकाश निरभ्र झाल्यावर.

परतीच्या प्रवासातली पहिली चिंता पेट्रोलची. फ्लोरिडात तेलशुद्धीकरण कारखाना नाही. इंधन मुख्यतः जहाजांनी येते, त्यामुळे बंदर बंद झाले की पंप कोरडे पडतात, आणि ज्या पंपाच्या टाकीत पेट्रोल आहे तिथे ते उपसायला वीज नसते. सरकारने काही ठिकाणी प्रत्येक गाडीमागे दहा गॅलन पेट्रोल मोफत वाटले, तिथल्या रांगा पाहूनच जीव दडपत होता. आम्ही राज्याची हद्द ओलांडण्याआधी टाकी काठोकाठ भरून घेतली होती. शहरात शिरल्यावर चौकातले सिग्नल बंद होते. अशा वेळी प्रत्येक दिशेच्या गाडीने पूर्ण थांबून, आधी आलेल्याला आधी जाऊ द्यायचे, असा इथला कायदा आहे आणि सहापदरी रस्त्यावरही लोक तो पाळत होते, याचे मला आजही कौतुक वाटते.

घराचे छप्पर शाबूत होते. कुंपण आडवे झाले होते आणि ओकच्या फांद्यांनी अंगण झाकून गेले होते. खिडक्यांना ठोकलेल्या प्लायवुडमुळे आत भरदुपारी अंधार होता. निघताना फ्रीजरमध्ये पाणी गोठवलेला एक पेला ठेवून त्या बर्फावर नाणे ठेवले होते. ही इथली सर्रास चालणारी युक्ती आहे. नाणे वरच असेल तर बर्फ वितळला नाही, तळाशी गेले असेल तर सगळे वितळून पुन्हा गोठले असे समजायचे. आमच्याकडे वीज अजून आलीच नव्हती, त्यामुळे परीक्षेची गरज उरली नव्हती. नाणे कोमट पाण्याच्या तळाशी होते आणि भोवती गोठवलेले मटार, ओले खोबरे, पुरणपोळ्या यांचा मिळून जो वास सुटला होता त्याचे वर्णन करीत नाही. भरलेला फ्रीजर न उघडता ठेवला तर सुमारे अठ्ठेचाळीस तास तग धरतो, साधा फ्रीज जेमतेम चार तास. त्यामुळे काय ठेवायचे आणि काय टाकायचे यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

नवरात्र चालू होते. घट तसाच ठेवून, दिवा शांत करून निघताना मन घेईना, तेव्हा सासूबाईंनी फोनवर सांगितले होते, "देवीला कळते गं सगळे, आधी पोरांना घेऊन निघा." परतलो तेव्हा घटातले गहू वीतभर वाढलेले होते, पण हिरवे नव्हे, पिवळट, प्लायवुडच्या दोन फळ्यांमधल्या फटीतून जेवढी उजेडाची रेघ येत होती, सगळे अंकुर तिकडे कलले होते. दसरा १२ ऑक्टोबरला होता. आपटा कुठला मिळणार, पण पानांची अंगणात वाण नव्हती.

वीज कोणाकडे आधी येते यावरून शेजाऱ्यांत कुरबुर होते, पण त्यामागे क्रम असतो. आधी मुख्य वाहिन्या आणि उपकेंद्रे, रुग्णालये व पाणीपुरवठा, मग जिथे एका दुरुस्तीने जास्तीत जास्त घरे उजळतील तिथे, आणि अखेरीस आमच्यासारख्या गल्ल्या. परराज्यांतून आलेले लाइनमन सकाळपासून अंधार पडेपर्यंत खांबांवर असत. दरम्यान गल्लीभर जनरेटरची घरघर. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडने दरवेळी वादळानंतर माणसे दगावतात, म्हणून तो घरापासून किमान वीस फूट दूर ठेवावा असे बजावले जाते. तरीही चोरीच्या भीतीने तो गॅरेजमध्ये ठेवणारे महाभाग असतातच. २०२० च्या 'निसर्ग'नंतर कोकणात ज्यांनी विजेविना दिवस काढले त्यांना त्या उकाड्याविषयी आणि डासांविषयी मी काय सांगावे?

सर्वांत शेवटी जातो तो कचरा. फांद्या एका ढिगात, प्लायवुड-गाद्या दुसऱ्यात, फ्रीज वगैरे उपकरणे तिसऱ्यात, अशी विभागणी करून सारे रस्त्याकडेला ठेवायचे असते. फांद्या पिशव्यांत भरल्या तर त्या उचलत नाहीत. दोनच आठवड्यांपूर्वीच्या हेलीन वादळाच्या लाटेने भिजवलेले सोफे आणि भिंतींचे तक्ते किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत अजून पडून होते, त्यावर मिल्टनचा थर चढला. आठवडे उलटले तरी ते ढीग हलत नव्हते, आणि मुलांची शाळा सुरू होऊन, कार्यालये उघडूनही त्या ढिगांमुळे काहीच पूर्ववत झाल्यासारखे वाटत नव्हते.

विम्याचे कामही याच सुमारास वर येते. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराची भरपाई नसते, आणि चक्रीवादळासाठी वेगळी वजावट असते. तीन लाख डॉलरच्या घराला ती दोन टक्के धरली तरी पहिले सहा हजार डॉलर खिशातूनच जातात. आमच्या कुंपणाचा खर्च त्याहून कमी होता, म्हणून दावा केलाच नाही. पलीकडच्या शेजाऱ्यांनी पुराचा विमा आता मे महिन्यात काढू असे ठरवले आहे. सरकारी योजनेतील पॉलिसी सहसा तीस दिवसांनी लागू होते आणि वादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिले. ते दरवेळी हसून मान डोलावतात.