अंडं बंद, वर्गणी चालू

पोषण आहारातलं अंडं आठवतंय का? नोव्हेंबर २०२३ ला सुरू झालं होतं, आठवड्यातून एकदा, अंड्यामागे ५ रुपये, आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं त्याचे पैसे देणं थांबवलं. अंडं देऊ नका असं नाही म्हटलं बरं का, द्यायचंच असेल तर लोकसहभागातून द्या म्हणे. आता आमच्या सोलापुरातल्या साखर पेठेच्या आसपास लोक कोण, तर यंत्रमागावर रात्रपाळी करणारे बाप आणि मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणाऱ्या आया. शाळा समितीच्या मीटिंगला हेडसरांनी बिचाऱ्यांनी अगदी मान खाली घालून विषय काढला तर एक ताई सरळच बोलल्या, "माझ्याकडनं पैसे घेऊन माझ्याच पोरीला खायला घालणार, मग मी घरीच उकडते की ओ सर!" सगळे हसले, सरसुद्धा. पुढं कोण काय बोलणार.

खरी गंमत अनुदानाची आहे. समग्र शिक्षा या केंद्राच्या योजनेतून शाळेला वर्षाला एकरकमी पैसे मिळतात ते पटावर, १०१ ते २५० पोरं असतील तर ५० हजार, आणि पट १०० पर्यंत खाली आला की डायरेक्ट २५ हजार. म्हणजे एक पोरगं गेलं की निम्मे पैसे गेले! संडासाचं दार, नळ, खडू, झाडू हे काय पोरं कमी झाली म्हणून निम्मं होतं का? लाईट बिल तर नाहीच नाही. मग दार मोडकंच राहतं, ते बघून अजून दोन पालक पोरांना व्हॅनवाल्या इंग्लिश मिडीयमला टाकतात, आणि पट अजून खाली.

शिक्षकांची पदंपण संचमान्यतेत, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते सरकार मंजूर करतं त्यात, पटावरच ठरतात, त्यातही आधार जुळलेलीच पोरं धरतात. आमच्या पूर्व भागात हे लय अवघड, तेलुगू नावं, आधारवर एक स्पेलिंग, शाळेच्या रजिस्टरला दुसरं. पोरगी रोज समोर बसते, डबा खाते, पाढे म्हणते, पण हिशोबात नाही. बाई शिकवायचं सोडून आधार सेंटरच्या चकरा मारतात.

त्यात सोलापूर म्हणजे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार माध्यमांचं गाव, पोरं वाटली जाणारच आणि शाळा लहान राहणारच. मुंबईत बसून डोकी मोजणाऱ्याला हे दिसत नाही. मला विचाराल तर ठरावीक रक्कम शाळेला द्या आणि पटाचं त्याच्यावर वेगळं द्या, एवढं साधं आहे.

आमच्या शाळेचा पट सध्या १०४ आहे. सातवीची ११ पोरं यंदा बाहेर पडतील आणि पहिलीला आत्तापर्यंत ६ नावं आलीत. ओळखीत कुणी असेल तर पाठवा, घरी तेलुगू बोलत असले तरी चालतंय, बाई सांभाळून घेतात.