अँटेना चार मीटर खाली

निवृत्त होऊन मी गुहागर तालुक्यात राहायला आले, तेव्हा बाई टीव्हीच्या छत्र्या लावून देतात असा गावात समज झाला. मी तो खोडून काढला नाही. अँटेनाच्या सिद्धांतावर काम करते म्हणजे नेमकं काय करते, हे माझ्या घरच्यांनाही मला कधी धड सांगता आलं नव्हतं. धातूच्या एका तुकड्यात धारा वाहते, तिच्यातून लहर बाहेर पडते, ती कुठल्या दिशेला किती जाईल याची गणितं करायची आणि मग ती खरी ठरतात का ते मोजायचं, यात सगळी नोकरी गेली. लोकांना वाटतं अँटेना म्हणजे खांबाच्या टोकावरची वस्तू. माझ्या लेखी खालची जमीन, समोरचं पाणी, शेजारचा पत्रा हे सगळं तिचेच अवयव आहेत. माझा प्रबंधसुद्धा सपाट जमिनीवर उभ्या केलेल्या अँटेनावर होता. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ सोमरफेल्ड यांनी 1909 साली हा प्रश्न मांडला, त्याच वाटेने पुढची एक छोटी फांदी. परीक्षकांनी विचारलं होतं, अशी अमर्याद सपाट, चांगली वाहक जमीन तुम्हाला मिळणार कुठे? तेव्हा मी काहीतरी पाठ केलेलं उत्तर दिलं. खरं उत्तर दाभोळच्या खाडीत आहे.

वाशिष्ठीच्या मुखाशी, टेकाडाच्या उतारावर एक मनोरा आहे. तिथून सहा किलोमीटर आत, काठावरच्या एका शाळेला बिनतारी इंटरनेट दिलेलं होतं. 5.8 गिगाहर्ट्‌झ, समोरासमोर दोन डिश, मध्ये सगळं पाणी. दृष्टिरेषा इतकी मोकळी की शाळेच्या गच्चीवरून मनोऱ्याचा लाल दिवा दिसतो. आणि तरीही हे जोडणं मनाला येईल तेव्हा तुटायचं. काही दिवस एकदम ठणठणीत, मग अचानक दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास बंद, मग पुन्हा आठवडाभर काही नाही. ऑनलाइन हजेरी, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं नेमकं शाळेच्या वेळेत अडायचं.

ठेकेदाराने सगळं बदलून झालं होतं. दोन्ही टोकांचे रेडिओ बदलले, केबल बदलली, पॉवर अडॅप्टर बदलला, लहान डिश काढून साठ सेंटिमीटरची लावली. खाऱ्या हवेने कनेक्टर खाल्ला असेल म्हणून तोही बदलला, आणि ती शंका तशी वाजवी होती, कोकणात दहातले सात बिघाड हिरव्या पडलेल्या तांब्यातच सापडतात. शेवटी कुणीतरी गावच्या राखणदार देवाला नारळ देऊन गाऱ्हाणंही घालून घेतलं. ते बिलात लावलं नव्हतं एवढंच.

माझ्याकडे ते निदानासाठी आलेच नव्हते. शाळेकडचा खांब सहा मीटरने उंच करायचं ठरलं होतं, त्या खर्चाच्या मंजुरीला तज्ज्ञाचं पत्र लागत होतं आणि मी जवळ होते. मजकूर टाइप करून आणलेला, मी फक्त सही करायची. आलेला इंजिनिअर मुलगा नम्र होता, त्याच्याविषयी राग नाही. पण कॉलेजातून बाहेर पडताना त्याला एवढंच माहीत होतं की अडलं तर पॉवर वाढव, नाहीतर उंची वाढव. आपण हल्ली शिकवतो तेच असं. सॉफ्टवेअरमध्ये रंगीत आकृती काढली की अँटेना झाली. मॅक्सवेलची समीकरणं, म्हणजे या लहरींचं मूळ गणित, पहिल्या सत्रात येतात आणि परीक्षेनंतर कुणाला परत भेटत नाहीत.

मी म्हटलं, बंद पडल्याच्या वेळा आणा. त्याच्याकडे नव्हत्या. रेडिओच्या आत नोंद असते, ती दर वेळी रेडिओ बदलताना गेली. वेळा निघाल्या शाळेच्या शिपाईमामांकडे. नेट गेलं की सगळे आधी त्यांच्यावर खेकसत, तुम्ही बटण बंद केलंत का म्हणून. म्हणून त्यांनी ऑफिसातल्या कालनिर्णयवर, त्या त्या तारखेच्या चौकोनात, पेन्सिलीने गेल्याची आणि आल्याची वेळ लिहून ठेवली होती. इतका चांगला डेटा मला प्रयोगशाळेत पगारी माणसांकडूनही क्वचित मिळाला आहे.

"मॅडम, मी ह्यांना कधीचा सांगतोय, अवसेला नि पुनवेला जातंच जातं," मामा म्हणाले. त्यावर इंजिनिअर कसनुसं हसला. नारळाची कल्पना कुठून आली ते माझ्या लक्षात आलं.

पानं उलटताना पेन्सिलीच्या खुणा खरोखरच पौर्णिमा आणि अमावास्येभोवती गोळा झालेल्या दिसत होत्या. अष्टमीच्या आसपासचे चौकोन कोरे. आपल्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, तिथीची पाऊणपट केली की झालं. पौर्णिमा म्हणजे पंधरा, त्याची पाऊणपट सव्वाअकरा. मामांच्या नोंदीत पौर्णिमेला नेट जायचं दहाच्या थोडं आधी आणि पुन्हा पाऊणच्या सुमाराला. सव्वाअकराच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरावर. तृतीयेच्या सुमारास एखादा चौकोन असा, की त्यात दोन छोट्या खंडांऐवजी एकच लांबलचक खंड. त्यानंतर भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची कमी चढणारी, भरती सुरू झाली की काहीच नाही.

म्हणजे बिघाड भरतीच्या वेळेशी बांधलेला नव्हता, पाण्याच्या एका ठरावीक पातळीशी बांधलेला होता. पाणी चढताना ती पातळी ओलांडतं तेव्हा एकदा, उतरताना एकदा. भरती जेमतेम तिथवर पोचली तर पाणी तिथेच घुटमळतं, म्हणून लांब खंड. भांगाला पाणी तिथवर चढतच नाही.

इथून पुढचं माझ्या आवडीचं, म्हणून जरा सविस्तर. मनोऱ्यावरून निघालेली लहर शाळेत दोन वाटांनी पोचते, एक सरळ आणि एक पाण्यावर आपटून. खारं पाणी उत्तम परावर्तक, आणि इतक्या तिरप्या कोनात, अर्ध्या अंशाहूनही कमी, आपटलेली लहर जवळपास पूर्ण ताकदीने पण उलटी होऊन परत येते. दोन वाटांच्या लांबीतला फरक नेमका पूर्ण तरंगलांबीच्या पटीत आला की सरळ लहर आणि उलटी लहर एकमेकींना मारतात. 5.8 गिगाहर्ट्‌झला तरंगलांबी पाच सेंटिमीटरच्या किंचित वर. सहा किलोमीटरच्या प्रवासात दहा सेंटिमीटरचा फरक पडला, म्हणजे दोन तरंगलांब्या, की सिग्नल खड्ड्यात. पाणी चढलं-उतरलं की हा फरक बदलतो.

इंजिनिअरने एक चांगला प्रश्न विचारला, खाडीत लाटा असतात, मग आरशासारखं परावर्तन होईल कसं? लाट किती मोठी हे बघणाऱ्याच्या कोनावर ठरतं. रेलेच्या निकषाने हिशेब केला तर या कोनात जवळपास नव्वद सेंटिमीटरपर्यंतची लाट त्या लहरीला सपाटच वाटते. खाडीच्या आत एरवी एवढं पाणी उसळत नाही. आणि मोठी डिश? साठ सेंटिमीटरच्या डिशचा झोत सहा अंशांचा, दोन वाटांमधला कोन त्याच्या पासंगालाही पुरत नाही. पॉवर वाढवली तर दोन्ही लहरी सारख्याच वाढतात आणि तितक्याच इमानाने एकमेकींना मारतात.

उंच्या मोजून घेतल्या. सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पाण्यापासून मनोऱ्याकडची डिश 30 मीटर, शाळेकडची 14 मीटर. आधी पृथ्वी सपाट धरून पटकन हिशेब केला, तर खड्डा येत होता पाणी दोन मीटर पासष्ट चढल्यावर. इतकं पाणी इथे उधाणालाही चढत नाही, मुंबईला चढतं. मग पृथ्वीची वक्रता घातली, हवेमुळे लहर जराशी खाली वाकते म्हणून त्रिज्या चार-तृतीयांश पट धरून. सहा किलोमीटरात वक्रता ती काय असणार, असं कुणालाही वाटेल. पण मनोऱ्याच्या बाजूला तिने जवळपास एक मीटर खाल्ला आणि उत्तर दोन मीटर वीसवर आलं. मामांच्या पेन्सिलीशी ते जुळत होतं.

पौर्णिमेला आम्ही बसलो. जेटीच्या खांबावर रंगाने खुणा केल्या होत्या, तिथे एका तांडेलाला फोन देऊन उभं केलं. मी गच्चीवर लॅपटॉप घेऊन, मुख्याध्यापक तास सोडून, आणि आठवीचा अख्खा वर्ग कठड्याला टेकून. सिग्नल उणे 58 डेसिबल (एक मिलिवॅटच्या तुलनेत) होता; उण्याचा आकडा जितका मोठा, तितका सिग्नल क्षीण. पाणी दोन मीटरच्या खुणेला लागलं तेव्हा तो उणे 68 च्या खाली. फोनवरून तांडेल पाण्याचे आकडे सांगत होता, मी सिग्नलचे लिहीत होते, आणि एका मुलीने न सांगता दोन्हींचा आलेख वहीत काढायला घेतला. उणे 74. उणे 80. मग जोडणं तुटलं. पाणी माझ्या खुणेपेक्षा चार बोटं खाली होतं. चार बोटांची चूक सहा किलोमीटरात! माझ्या उभ्या कारकिर्दीत गणित आणि निसर्ग इतके लगत आलेले मी फार थोड्या वेळा पाहिलेत, आणि तेही लहरी परत उसळू नयेत म्हणून भिंतींना फोमचे सुळके लावलेल्या बंद खोलीत.

त्या मुलांना मी ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ रूबी पेन-स्कॉट यांची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर सिडनीजवळच्या डोव्हर हाइट्‌सच्या कड्यावर समुद्राकडे तोंड करून अँटेना होत्या. उगवत्या सूर्याकडून थेट आलेली रेडिओलहर आणि समुद्रावरून परावर्तित झालेली लहर यांच्यातल्या याच मारामारीचा त्यांनी आणि सहकाऱ्यांनी 1946 मध्ये उपयोग केला, आणि सूर्याचे रेडिओतरंग डागांच्या भागातून येतात हे दाखवलं. आमच्या शाळेची जी डोकेदुखी, तीच त्यांची दुर्बीण. विवाहित स्त्रीला कायम नोकरी नाही असा तिथे सरकारी नियम होता. लग्न उघड झाल्यावर त्यांची कायम जागा गेली, आणि 1951 मध्ये मूल व्हायच्या आधी त्यांनी काम सोडलं. मुली "म्हणजे काढलंच ना!" म्हणाल्या. मुख्याध्यापकांना हा भाग अभ्यासक्रमाबाहेरचा वाटला असावा.

खरी लढाई पुढे होती. मी सांगितलं, शाळेकडची डिश चार मीटर खाली घ्या, गच्चीवरच्या पाइपावरून वरच्या मजल्याच्या भिंतीवर. मग एक खड्डा सगळ्यात खालच्या ओहोटीच्याही खाली जातो, दुसरा साडेतीन मीटरच्या वर, आणि खाडीचं पाणी कायम दोन्हींच्या मधे राहतं. खांब सहा मीटर उंच केला असता तर? तेही गणित मी लिहून दिलं. पुढचा खड्डा आला असता दोन मीटर पस्तीसवर. म्हणजे एवढा खर्च करून सिग्नल पूर्वीच्या पातळीपासून पंधरा सेंटिमीटर वर मेला असता.

यावर खर्च मंजूर करणाऱ्या ऑफिसातून आलेलं उत्तर मी जपून ठेवलं आहे. उंची वाढवण्यासाठी दर मंजूर आहे, कमी करण्यासाठी दरपत्रकात बाब नाही. कुणी पुन्हा विचारलं, मॅडम, खाली घेतल्यावर रेंज कशी वाढेल? हा प्रश्न विचारणारा माणूस खाडीकाठीच वाढलेला, तिथीवरून भरती तोंडपाठ सांगणारा. त्याला पाणी माहीत होतं आणि रेडिओ माहीत होता, पण दोन्ही एका वाक्यात कधी आले नव्हते. मामांनी आणलेल्या एका गवंड्याने आणि त्या इंजिनिअर मुलाने एका दुपारी डिश खाली आणून बसवली. बिल "देखभाल" म्हणून गेलं.

त्यानंतरच्या उधाणांना जोडणं तुटलं नाही. मी तिथे एक छोटी नोंदयंत्रणा लावून ठेवली, दर मिनिटाला सिग्नल लिहिणारी. तिच्यामुळेच आता हे लिहिते आहे.

मे महिन्यात, शाळा बंद असताना, संध्याकाळी काही वेळा सिग्नल पुन्हा कोसळला. त्यातल्या बहुतेक नोंदी पौर्णिमा-अमावास्येच्या, साडेपाचच्या सुमाराच्या, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या. याचं उत्तर मला बऱ्यापैकी मांडता येतं. उन्हाळ्यात वरची हवा कोरडी आणि तापलेली, खाली खाऱ्या वाऱ्याची दमट चादर, त्यात लहर नेहमीपेक्षा जास्त वाकते. युद्धकाळात मुंबईजवळच्या दीड मीटर तरंगलांबीच्या रडारवर उन्हाळ्यात अरबस्तानचा किनारा दिसायचा, हजार किलोमीटरहून लांबचा, तो याच कारणाने. लहर जास्त वाकली की पृथ्वी जणू सपाट होते, वक्रतेने खाल्लेला मीटर परत मिळतो, आणि मी ओहोटीच्या खाली ढकललेला खड्डा वर सरकून पाण्याला गाठतो. आकडेही साधारण बसतात.

एक नोंद मात्र बसत नाही. वैशाख शुद्ध अष्टमी, संध्याकाळी साडेसहा. तिथीच्या हिशेबाने भरती सहाची, तीही भांगाची, पाणी दोन खड्ड्यांच्या बरोबर मधे, सिग्नल सगळ्यात चांगला असायला हवा होता. चाळीस मिनिटं तो उणे 80 च्या खाली होता. मनोऱ्याकडची वीज चालू होती, ते विचारून झालं. मधून एखादा बार्ज गेला का तेही विचारलं, गेला नव्हता. त्या वेळी शाळेत कुणी नव्हतं, त्यामुळे कुणाची तक्रार नाही, आणि ठेकेदाराच्या लेखी काम संपलेलं आहे. येत्या चैत्रात जेटीवर आणि मनोऱ्यावर तापमान-आर्द्रतेचे दोन सेन्सर बसवायचे आहेत. मामांनी नवीन कालनिर्णयवर पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवली आहे.