खिलार जातीची पारख गायीपासून सुरू व्हावी

सोलापूर जिल्ह्यात जातिवंत जनावराचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा खिलार बैल उभा राहतो. सांगोला, मंगळवेढा, आटपाडी, म्हसवड हा माणदेशाचा पट्टा या जातीचे माहेर आहे. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास आणि तोही बेभरवशाचा पाऊस, ज्वारीचा कडबा हाच मुख्य चारा, आणि पाण्यासाठी लांबवर चालत जाण्याची सवय, अशा परिस्थितीत पिढ्यान्‌पिढ्या निवड होत होत ही जात घडली आहे. म्हणूनच तिचे प्रत्येक शारीरिक लक्षण हे केवळ दिसण्याचे लक्षण नसून कामाशी आणि हवामानाशी जोडलेले आहे, हे लक्षात ठेवून जनावर पाहिले तर पारख सोपी होते.

खिलारीचे डोके लांबट व निमुळते असते. कपाळ किंचित मागे झुकलेले असून त्याच्या मध्यातून एक उथळ खाच वर जाते. शिंगे मुळाशी एकमेकांच्या अगदी जवळ उगवतात, कपाळाच्या रेषेतच मागे जातात आणि मग धनुष्याच्या कमानीसारखी वर वळून टोकाला अणकुचीदार होतात. कान लहान, टोकदार आणि आडवे ताठ असतात. गळ्याची पोळी, म्हणजे गळ्याखाली लोंबणारी कातडी, कमी, कातडी अंगाला घट्ट बसलेली, पाय सरळ आणि खूर आवळ, टणक. सैल कातडीचे, पोळी लोंबणारे जनावर रंगाने कितीही पांढरेशुभ्र असले तरी त्यात दुसरे रक्त मिसळले असण्याची शंका घ्यावी. रंगावर भुलणाऱ्यांची संख्या मोठी आहे म्हणून हे मुद्दाम लिहितो. पांढऱ्या रंगाच्या जाती अनेक आहेत, पण शिंगांची ही ठेवण आणि अंगाचा हा आवळपणा एकत्र फार थोड्या ठिकाणी आढळतो. कर्नाटकातल्या हळ्ळीकर आणि अमृतमहाल या जाती त्यांपैकीच असून खिलारीचे त्यांच्याशी जुने नाते मानले जाते.

एक खूण मला विशेष आवडते. नुकत्याच जन्मलेल्या खिलार वासराच्या टाळूवर, दोन्ही कानांच्या मधोमध, गंजासारखा तांबूस रंग असतो. वासरू उन्हात उभे असले म्हणजे पांढऱ्या अंगावर तेवढाच भाग उठून दिसतो, आणि दोनेक महिन्यांत तो आपोआप नाहीसा होतो. तो वासराच्या आजारपणाचा किंवा संकराचा पुरावा नव्हे, हे नव्याने गोपालन सुरू करणाऱ्यांनी जाणून घ्यावे.

खिलारीतही पोटभेद आहेत. जुन्या नोंदींत आटपाडी महाल, म्हसवड, खानदेशातील तापी खिलार आणि नकली असे चार प्रकार सांगितलेले आहेत. म्हसवडच्या बैलांच्या पुढच्या आणि मागच्या भागावर करडी झाक असते व तोंडावर करडे-पांढरे ठिपके उमटतात, तर तापी खिलार पांढरा असून त्याची नाकपुडी आणि खूर गाजरी छटेचे असतात. आपल्याकडचे शेतकरी मात्र बोलताना कोसा, काजळी अशी रंगावरून पडलेली नावेच अधिक वापरतात. ज्याच्या डोळ्यांच्या कडा काजळ घातल्याप्रमाणे काळ्याभोर, तो काजळी.

सोलापूरला दुसरीही एक मोठी जात जवळ आहे, ती म्हणजे लातूर-उदगीरकडची देवणी. सिद्धेश्वर यात्रेच्या काळात भरणाऱ्या जनावरांच्या बाजारात दोन्ही जाती शेजारी पाहिल्या की फरक चटकन ध्यानात येतो. देवणीचे कपाळ रुंद व फुगीर, कान लांब आणि खाली झुकलेले, पोळी भरदार, कातडी सैल. पूर्ण पांढऱ्या अंगाची वानेरा, पोटाखाली काळे असलेली बालंक्या आणि अंगभर काळे ठिपके असलेली शेवरा असे तिचे तीन प्रकार आहेत. तिच्या घडणीत गीर आणि डांगीचा अंश मानला जातो, त्यामुळे ती शेतकामाबरोबर दुधालाही बरी पडते. सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांनी काळ्या भारी जमिनीच्या नांगरटीसाठी वाढवलेली कृष्णाकाठची अवजड जात आता क्वचितच दृष्टीस पडते.

आता मुख्य मुद्दा. सांगोल्याच्या आठवडी बाजारात खोंड पाहणारा माणूस आधी तोंड उघडून दात मोजतो. अदत (दुधाचे दात न पडलेला), दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग जुळलेला (सगळे पक्के दात आलेला), या क्रमाने वयाचा अंदाज बांधतो, चालवून पाहतो, खूर उचलून पाहतो, आणि शेवटी रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो. ही पारख शंभर नंबरी असते. परंतु त्या खोंडाची आई कशी होती, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली तेव्हा खिलार खोंडांचे भाव पडले. डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला, आणि पळणाऱ्या बैलांच्या किमती पुन्हा चढल्या. पैसा आला तो बैलाकडे. गाय मात्र दुधाच्याच मापाने तोलली जात राहिली, आणि या मापात ती टिकणारच नाही, कारण एका वेतात, म्हणजे एकदा व्याल्यावर आटेपर्यंत, ती सुमारे चारशे लिटरच्या आतबाहेर दूध देते, त्यातलाही मोठा वाटा खोंडाला पाजण्याचीच आपल्याकडे रीत आहे.

म्हणून दुधासाठी तिला होल्स्टीन किंवा जर्सी या विदेशी जातींच्या वळूचे कृत्रिम रेतन केले जाते. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातील देशी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा सुमारे 6 टक्क्यांनी घटला आणि विदेशी व संकरित गोवंश जवळपास 27 टक्क्यांनी वाढला, त्यामागे हेच गणित आहे. ज्याचे घर दुधावर चालते त्याने संकरित गाय पाळावी, त्यात गैर काहीच नाही. माझा आग्रह एवढाच आहे की ज्याच्या दावणीला लक्षणांनी चोख खिलार गाय आहे, त्याने ती संकराला लावू नये. उत्तम वळू एकच असला तरी त्याच्यापासून शेकडो वासरे होऊ शकतात, परंतु गाय वर्षा-दीड वर्षाला एकच वासरू देते, आणि त्यामुळे जातीची खरी मर्यादा गायींच्या संख्येने ठरते.

गाय निवडताना शिंगे व कातडीबरोबर तिचा स्वभाव पाहावा. खिलार परक्या माणसाला सहज जवळ येऊ देत नाही आणि तो दोष नव्हे, पण घरच्या माणसालाही कासेला हात लावू न देणारी गाय पुढे वासराच्या संगोपनात अडचण करते. गाय दर वर्षा-दीड वर्षाला वेळेवर विते का, आधीची वासरे कशी निघाली, हे मालकाला विचारावे. शुद्ध खिलार वळूच्या रेतमात्रा (कृत्रिम रेतनासाठी साठवलेले वीर्य) मिळतात. रेतन करवून घेताना मात्रेवरचा वळूचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून ठेवावी, आणि वासराच्या कानात 12 अंकी पिवळा बिल्ला बसला की त्याच पानावर तो क्रमांकही उतरवावा. पुढे खोंड बाजारात नेताना दात मोजणाऱ्याच्या हाती हे पान द्यावे.