वेगवेगळ्या काळांतील हेवीवेट विजेते आणि शेवटच्या तीन फेऱ्या

जो लुई आणि मुहम्मद अली आपापल्या ऐन भरात समोरासमोर आले असते तर कोण जिंकले असते, किंवा रॉकी मार्सियानो माइक टायसनपुढे किती टिकला असता, हे प्रश्न बॉक्सिंगवर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी विचारलेले असतात. मलाही या प्रश्नांचे मनापासून आकर्षण आहे. मात्र त्यांवरील वादांत उंची, वजन, ठोशाची ताकद, पायांची चपळाई अशा सगळ्या गोष्टी मोजल्या जातात आणि सर्वांत आधी ठरवायला हवी ती गोष्ट राहून जाते: ही लढत किती फेऱ्यांची आहे?

नोव्हेंबर 1982 मध्ये लास वेगास येथे रे मॅन्सिनीविरुद्धच्या लाइटवेट विजेतेपदाच्या लढतीत दक्षिण कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने विजेतेपदाच्या लढती 15 ऐवजी 12 फेऱ्यांच्या केल्या आणि 1980 चे दशक संपण्याआधी इतर प्रमुख संघटनांनीही तोच मार्ग धरला. हा निर्णय माणसाच्या जिवाचे मोल ओळखणारा होता आणि तो मागे घ्यावा असे मला मुळीच वाटत नाही. पण जुन्या आणि नव्या विजेत्यांना एका पंक्तीत बसवताना, कोणाचे विजेतेपद बाराव्या फेरीनंतर मिळवलेले किंवा टिकवलेले आहे, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

18 जून 1941 रोजी न्यूयॉर्कमध्ये बिली कॉन लुईशी लढला. कॉन मूळचा लाइट हेवीवेट, लुईपेक्षा वजनाने बराच हलका. तरीही बारा फेऱ्यांनंतर तो गुणांवर पुढे होता. तेराव्या फेरीत त्याने नुसते गुण राखण्याऐवजी लुईला नॉकआउट करण्याचा प्रयत्न केला आणि फेरी संपायला जेमतेम दोन सेकंद उरले असताना स्वतःच बाद झाला. सप्टेंबर 1952 मध्ये फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटने मार्सियानोला पहिल्याच फेरीत खाली पाडले होते, आणि बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीत मार्सियानोचा उजव्या हाताचा एक आखूड ठोसा बसला आणि वॉलकॉटचे विजेतेपद हातचे गेले. आजच्या नियमाने त्या रात्री वॉलकॉट विजेता राहिला असता, आणि 49 लढतींत 49 विजय हा मार्सियानोचा विक्रम, ज्याच्या बळावर त्याला सार्वकालिक श्रेष्ठ म्हटले जाते, तो अस्तित्वातच आला नसता. 1978 मध्ये लॅरी होम्स आणि केन नॉर्टन चौदा फेऱ्यांनंतर बरोबरीत होते. शेवटच्या फेरीने होम्सला विजेता केले, तेही तीनपैकी दोन पंचांच्या मताने आणि एकेका गुणाच्या फरकाने.

लढत बाराच फेऱ्यांची असती तर या माणसांनी शक्ती वेगळ्या प्रकारे वाटली असती, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो योग्यच आहे. माझे म्हणणेही तेच आहे. फरक तीन फेऱ्यांचा नाही, तर पहिल्या घंटेपासून श्वास कसा राखायचा, अंगावर किती वजन बाळगायचे, मधल्या फेऱ्यांत किती धोका पत्करायचा या सगळ्या हिशेबाचा आहे. मार्सियानो सुमारे 84 किलोचा होता आणि त्याची सारी तयारी समोरच्याला उशिरापर्यंत झिजवण्याची होती. याउलट 115-120 किलोचा आजचा उंच मुष्टियोद्धा लांब जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), मिठी मारून अंगाचा भार प्रतिस्पर्ध्यावर टाकणे आणि मोजके जोरदार ठोसे यांवर बारा फेऱ्या काढतो. दोघेही आपापल्या नियमांना अनुरूप घडलेले आहेत. म्हणून मार्सियानोला आजच्या रिंगमध्ये आणून तो लहान पडतो असे म्हणणे जितके सोपे, तितकेच आजच्या मोठ्या विजेत्याला पंधराव्या फेरीपर्यंत उभा राहून दाखव असे म्हणणेही सोपे आहे.

आकाराचा मुद्दा मी टाळत नाही. आज हेवीवेट गट 200 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 91 किलोंच्या वर सुरू होतो. जॅक डेम्प्सी आणि मार्सियानो हे दोघेही आज त्याखालच्या गटातले, म्हणजे क्रूझरवेट ठरले असते. लहान माणूस मोठ्याला हरवतो याचा दाखला म्हणून अनेक जण 4 जुलै 1919 ची टोलीडोची लढत सांगतात, जिच्यात सुमारे 85 किलोच्या डेम्प्सीने 111 किलोच्या जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले. मला हा दाखला अर्धाच वाटतो, कारण तेव्हा खाली पडलेल्या माणसापासून दूर कोपऱ्यात जाण्याचे बंधन नव्हते आणि विलर्ड उठताक्षणी डेम्प्सी त्याच्यावर तुटून पडत होता. ते बंधन आल्यानंतर, 1927 मध्ये शिकागोत, डेम्प्सीने जीन टनीला पाडले, पण तो कोपऱ्यात जायला उशीर करत राहिला, पंचाची मोजणी उशिरा सुरू झाली आणि त्यामुळे टनीला सावरायला अधिकचे सेकंद मिळाले. शिवाय विजेता असताना डेम्प्सीने हॅरी विल्स या कृष्णवर्णीय आव्हानवीराला कधीही संधी दिली नाही. यात दोष एकट्या डेम्प्सीचा नव्हता, पण त्याच्या कारकिर्दीचे मोल ठरवताना मी ही रिकामी जागा धरतोच.

आकाराबाबत खरा पुरावा ऑलेक्झांडर उसिकने दिला आहे. क्रूझरवेटमधून वर आलेल्या या युक्रेनी मुष्टियोद्ध्याने मे 2024 मध्ये रियाध येथे 6 फूट 9 इंच उंचीच्या टायसन फ्युरीला हरवले, वजनात सुमारे 17 किलोंचा फरक असताना. नवव्या फेरीत फ्युरीचा तोल पूर्ण गेला होता. ती लढत पंधरा फेऱ्यांची असती तर उसिकचे पारडे आणखी जड झाले असते असे मला वाटते, आणि म्हणूनच आजच्यांपैकी जुन्या विजेत्यांच्या पंक्तीत मी सर्वांत आधी त्यालाच बसवतो.

काल्पनिक लढतींचे उत्तर यंत्राकडून मिळवण्याचा प्रयत्नही झाला होता. 1969 मध्ये अली आणि निवृत्त मार्सियानो यांना कॅमेऱ्यापुढे एकेका मिनिटाच्या अनेक फेऱ्या खेळायला लावून, संगणकाचा निकाल म्हणून पुढच्या वर्षी ते चित्रण दाखवले गेले. अमेरिकेत मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. युरोपात अली जिंकल्याचा शेवटही दाखवला गेला. त्यातून तुलनेविषयी काही शिकण्यासारखे नाही.

शिकायचे असेल तर दोन काळांत प्रत्यक्ष लढलेल्या माणसांकडे पाहावे. जॉर्ज फोरमनने 1973 मध्ये जो फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडले, 1974 मध्ये किन्शासात तो अलीकडून हरला, आणि 1991 मध्ये वयाच्या 42 व्या वर्षी इव्हँडर होलीफिल्डसमोर बारा फेऱ्या उभा राहिला. 1994 मध्ये 45 व्या वर्षी तर त्याने मायकेल मूररला बाद करून विजेतेपद परत मिळवले. होम्सने 1980 मध्ये थकलेल्या अलीला हरवले, त्याचे श्रेय मी त्याला फारसे देत नाही. 1988 मध्ये जवळजवळ दोन वर्षे रिंगबाहेर राहिल्यानंतर 38 वर्षांचा होम्स टायसनकडून चौथ्या फेरीत बाद झाला, त्याचा दोषही मी त्याला फारसा देत नाही. पण 1992 मध्ये, वयाच्या 42 व्या वर्षी, त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या आणि तोवर अपराजित असलेल्या रे मर्सरला गुणांवर हरवले आणि त्याच वर्षी होलीफिल्डशी पूर्ण बारा फेऱ्या लढत दिली. पंधरा फेऱ्यांच्या काळात घडलेला एक जॅब बारा फेऱ्यांच्या काळातील तरुणांवर, उतारवयातही, चालत होता. लुई आणि अली यांच्यानंतर लगेच मी होम्सचे नाव घेतो ते याच वर्षाच्या आधारावर.