सहावी गल्ली

पंढरीच्या पायी वारीच्या पहिल्या दिवसाचं एवढंच आठवतं की कोल्हापुरात मिरजकर तिकटीला विठ्ठलापुढं नारळ फुटला आणि शिरोलीचा पूल ओलांडताना छत्री उलटी झाली. हातकणंगल्याचा मुक्काम पत्र्याच्या शेडमध्ये. रात्रभर पाऊस पत्र्यावर टाळ कुटत होता आणि शेजारचे माऊली घोरत होते. पहाटे काकड्याला उभा राहिलो तेव्हा पांडुरंगापेक्षा त्यांच्याच नावानं जास्त बोटं मोडली.

वडील याच दिंडीत चालायचे. ते गेल्यावर त्यांचे टाळ माझ्याकडं आले, आणि टाळ घरात नुसते खुंटीला कसे ठेवायचे म्हणून मी आलो. भक्ती वगैरे नंतर बघू, असं म्हणून.

तमदलग्याच्या खिंडीत उजव्या टाचेला फोड आला. नवे बूट घेऊ नकोस असं बायकोनं चारदा बजावलं होतं. निमशिरगावपर्यंत चवड्यावर चाललो, तर चवड्यालाही आला. त्यात आमचे दिंडीचालक भोंग्यावरून ओरडत होते, "रांग मोडू नका, रांग मोडू नका!" रांग मोडायला पाय तरी शिल्लक हवेत ना. जयसिंगपुरात शिरलो आणि डोळ्यांत पाणीच आलं. पताका पुढं गेली, मी एका गल्लीत वळून पहिल्या दिसलेल्या पायरीवर बसलो.

आतून एक म्हातारी बाई आल्या. "लागलंय व्हय माऊली? बूट काढा बघू." मी पाय आखडता घेतला. दोन दिवसांचा चिखल होता. "लाजतायसा कशाला? वारकऱ्याचा पाय हाय त्यो." गरम पाण्याची परात आली. त्यांनी माझे पाय धुतले, म्हणजे खरंच हातानं, बोटांच्या बेचक्यांतून माती काढत. मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, आई गेल्यापासून माझ्या पायाला कुणी हात लावला नव्हता. मग त्यांनी सुई दिव्यावर धरली, दोरा ओवला आणि फोडातून आरपार काढला. दोरा आतच ठेवायचा, टोकं बाहेर. पाणी आपोआप झिरपतं, कातडी निघत नाही. हे मला वडिलांनी कधी सांगितलं नव्हतं. की त्यांना फोडच येत नसत?

चहा होईतो आजोबा खुर्ची ओढून बसले. तंबाखूच्या अडतीवर जन्मभर दिवाणजी होते. "कंची गल्ली म्हणून बसलायसा?" मी म्हटलं, ठाऊक नाही. "सहावी. हितं गल्लीला नाव न्हाई, नंबर. सरळ रेघा मारून गाव केलंय, १९१७ साली. रेल्वे १८९१ पासनं धावतीया, गाव मागनं आलं. शाहू महाराजांनी आधी रस्तं आखलं, मग व्यापारी बोलावून बसवलं."

सांगली गाठायला मी या गावातून शेकडो वेळा गेलोय, गाडीच्या खिडकीतून. ऊस परिषदेची गर्दी बघितलीय, ट्रॅफिकला शिव्या दिल्यात. पण इथली गल्ली थेट दुसऱ्या टोकापर्यंत दिसते, हे आज बसल्यावर कळलं. आमच्या पेठेत दहा पावलांवर बोळ वळतो.

"आणि नाव?" मी विचारलं.

"वडलांचं. जयसिंगराव घाटगे, कागलचं. महाराज १८८४ ला गादीवर दत्तक आले, दहावं वरीसबी सरलं नव्हतं. दत्तक गेलं की नावामागनं बाप जातोय. दोन वर्सांत बाप बी गेला. मग पोरानं नाव कुठं लावायचं? लावलं गावाला."

शेवटचं आजोबांचं स्वतःचं असावं, दप्तरात कुणी तसं लिहून ठेवलेलं नसणार. पण राधानगरीला लेकीचं नाव देणाऱ्या माणसाबद्दल ते खरं वाटतं. माझी बोटं तेवढ्यात टाळांच्या दोरीशी चाळा करत होती.

निघताना बाईंनी आजोबांचे सुती मोजे दिले, धुऊन घडी केलेले. नको म्हटलं तर म्हणाल्या, "येताना द्या की." आणि वाकून माझ्याच पाया पडल्या. मी गडबडून मागं सरलो, तर परत फोडावरच पाय आला आणि तोंडातून नको तो शब्द गेला. आजोबा हसले.

अंकलीच्या पुलावर दिंडी गाठली. खाली कृष्णा तांबडी, दुथडी. दिंडीचालकांनी बघितलं न बघितल्यासारखं केलं.

पुढचे दिवस एकात एक मिसळलेत. मिरज. कवठेमहांकाळला पाऊस मागं सुटला तो सुटलाच. नागजच्या पुढं आकाश कोरडं, रस्ता पांढरा. जुनोणीच्या अलीकडं कुणीतरी भाकरी-ठेचा दिला, सांगोल्यात टँकरच आला नाही म्हणून भांडणं झाली, मीही भांडलो. पंढरपुरात कळस बघितला, नामदेव पायरीला डोकं टेकलं. वडिलांचे टाळ चंद्रभागेत बुडवून काढले, ते नेहमी असंच करायचे. दोरा तोवर कधीतरी गळून पडला होता.

परतीच्या एसटीत खिडकीची जागा धरली होती, जयसिंगपूरला उतरून मोजे द्यायचे म्हणून. अंकलीचा पूल आठवतो. त्यानंतर जाग आली ती कंडक्टरच्या "हातकणंगले, हातकणंगले" या आरोळीनं. मोजे अजून पिशवीत आहेत.